उजेड किती, तोटा किती

जूनचा दुसरा आठवडा. गोंदियाच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावात बांध्यांमध्ये पऱ्हे टाकायची लगबग चालू होती आणि ग्रामपंचायतीच्या पडवीत दाखल्यांसाठी आलेली माणसं ताटकळत बसली होती. आत भिंतीवरच्या पेटीत नखाएवढा एक दिवा कधी हिरवा, कधी लाल होत होता. हिरवा झाला की संगणकावरचं पान अर्धं उघडायचं, लाल झाला की तिथेच अडकायचं. शाळाप्रवेशाचे दिवस, उत्पन्नाचा दाखला आज हवा असतो, उद्या नाही.

दुरुस्तीला दोघं आले होते. मामा साठीच्या पुढचे. टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडत उमेदवारी केलेले, आता फायबरचे जोड मारणारे. भाची इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर, नागपुरात नेटवर्कच्या कामाला. चार दिवस आजोळी आली होती. मामांनीच तिला मोटरसायकलवर मागे बसवून आणलं होतं.

तिने पेटीतली पॅचकॉर्ड काढली, टोक पुसलं, पॉवर मीटरला लावलं. आकडा आला उणे २६.४ डीबीएम.

"झालं," मामा म्हणाले. "लाइट कमी पडून राहिला. तालुक्याला फोन लाव, तिथलं मॉड्यूल बदलायला सांग. जास्त पॉवरचं टाकलं की इथला दिवा हिरवा. अर्ध्या तासाचं काम आहे बाई."

"लाइट कमी पडत नाही, मामा. वाटेत सांडतो आहे. कुठे सांडतो ते न बघता वरून ओतत राहायचं का?"

वाद इथून सुरू झाला. तो या दोघांपुरता नाही. जिथे जिथे काचेच्या धाग्यातून इंटरनेट जातं, तिथे लिंक मंदावली की हेच दोन पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, उजेड वाढवा. दुसरा म्हणतो, तोटा शोधा.

भाचीने वहीत हिशेब मांडला. तालुक्याच्या यंत्रातून उजेड निघतो ३.५ डीबीएमने, म्हणजे सव्वादोन मिलिवॅटच्या आसपास. तिथेच बसवलेला एकास आठचा स्प्लिटर तो आठ गावांना वाटतो. त्याचा तोटा १०.५ डीबी. गावापर्यंत फायबर १४ किलोमीटर, किलोमीटरला पाव डीबी धरला तर साडेतीन. वाटेत दहा जोड, प्रत्येकी ०.१ प्रमाणे एक डीबी. चार कनेक्टर, प्रत्येकी ०.४ प्रमाणे १.६. बेरीज १६.६ डीबी. साडेतीनातून ती वजा केली की गावात उणे १३.१ मिळायला हवेत. मिळतात उणे २६.४.

"सव्वातेरा डीबी गायब आहेत," ती म्हणाली.

"तेरा म्हणजे किती? मला रुपयात सांग."

रुपयात नाही, तिने धानात सांगितलं. गोंदियात ते लवकर कळतं. सरकारी भरडाईत १०० किलो धानाला कच्चा तांदूळ ६७ किलो द्यावा लागतो. डीबीच्या भाषेत हा साधारण १.७ डीबीचा तोटा. आता समजा, त्या ६७ किलोंनाही पुन्हा तसाच तोटा झाला. उरतील पंचेचाळीस. टक्केवारीत दर वेळी गुणाकार करावा लागतो, डीबीत मात्र १.७ आणि १.७ मिळवले की ३.४. गुणाकाराची बेरीज झाली म्हणूनच तारवाल्यांनी हे माप पकडलं. तीन डीबी गेले की माल निम्मा, दहा गेले की दहावा हिस्सा. तेरा गेले म्हणजे विसातला एक भाग उरला. वीस पोती निघाली, दारात एक आलं.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण ते एक पोतंही चालते ना? यंत्राला उणे २७ पर्यंत दिसते. मी पॉवर थोडी वाढवून मागतो, म्हणजे दोन पोती येतील. लोकं बसून आहेत बाहेर."

हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही. गावागावांत वापरल्या जाणाऱ्या जीपॉन पद्धतीत बी-प्लस वर्गाचं यंत्र गावाकडच्या टोकाला उणे २७ डीबीएमपर्यंतचा उजेड वाचतं. वरच्या सी-प्लस वर्गाचं मॉड्यूल ७ डीबीएमपर्यंत उजेड सोडू शकतं. ताकद वाढवणं ही पळवाट नव्हे, अधिकृत सोय आहे. लांबच्या गावांसाठी ती मुद्दाम केलेली आहे. पण भाचीने वहीचं पान उलटलं आणि त्याच स्प्लिटरवरच्या दुसऱ्या गावाचा हिशेब मांडला.

ते गाव तालुक्यापासून दोनच किलोमीटरवर. स्प्लिटरचे साडेदहा, फायबरचा अर्धा, कनेक्टरचे १.६, जोडांचे ०.२. आज तिथे उणे ९.३ पोहोचतात. मामांच्या म्हणण्याप्रमाणे मॉड्यूल बदललं आणि ते साडेसहाने उजेड सोडू लागलं, तर तिथे उणे ६.३ पोहोचतील. गावाकडच्या यंत्राला जशी खालची मर्यादा आहे तशी वरचीही आहे: उणे ८. त्याच्या वर उजेड गेला की यंत्राचा डोळा दिपतो. सिग्नल भरपूर असतो आणि वाचता काहीच येत नाही. चुका वाढतात, लिंक पडते, उठते, पुन्हा पडते. बघणाऱ्याला वाटतं, लाइट कमी आहे.

"म्हणजे या गावाचा दिवा लावायला त्या गावाचा विझवायचा," भाची म्हणाली. "आणि उद्या तिथून तक्रार आली की तुम्हीच जाल."

"त्याले अॅटेन्युएटर लावून देऊ. पाच डीबीचा. डब्यात आहे माझ्या."

तेही बरोबरच होतं. अॅटेन्युएटर म्हणजे उजेड मुद्दाम कमी करणारा, करंगळीएवढा कनेक्टर. लांब पल्ल्याची मॉड्यूलं जवळच्या जवळ जोडायची वेळ येते तेव्हा तो लावावाच लागतो. ८० किलोमीटरसाठी बनलेलं दहा गिगाबिटचं मॉड्यूल ० ते ४ डीबीएमने उजेड सोडतं आणि स्वतः मात्र उणे ७ च्या वरचा उजेड सोसत नाही. टेबलावर एकाच्या तोंडाला दुसऱ्याचा कान थेट जोडला, तर ऐकणारा भाग कायमचा जाऊ शकतो. तरीही एका ठिकाणचा लपलेला तोटा भरून काढायला दुसरीकडे मुद्दाम तोटा बसवायचा, हे भाचीला पटेना. लिहिणाऱ्यालाही पटत नाही. अशा जाळ्यात चार वर्षांनी कुठला तोटा काचेचा, कुठला माणसाने घातलेला, हे कुणालाच सांगता येत नाही.

फायबरचा इतिहासही भाचीच्याच बाजूने बोलतो. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी इंग्लंडमध्ये मांडलं की काचेतला तोटा किलोमीटरला २० डीबीपर्यंत खाली आणता आला तर तिच्यातून टेलिफोन चालेल. तेव्हाच्या चांगल्या काचेत तो हजाराच्या घरात होता. काव यांनी दिव्याची ताकद मोजली नाही. काचेतली अशुद्धता हेच दुखणं आहे, हे ओळखलं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंगने १७ डीबीचा धागा ओढला. १९७९ मध्ये जपानी संशोधकांनी ०.२ वर आणला. त्याच १९७९ साली दोन टेलिफोन एक्स्चेंज जोडणारी भारतातली पहिली फायबर यंत्रणा पुण्यात सुरू झाली. काव यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं. कॉर्निंगच्या त्या पहिल्या धाग्याने हे १४ किलोमीटरवरचं गाव जोडायचं ठरवलं असतं तर २३८ डीबी वाटेतच गेले असते. तो खड्डा भरून काढील असा दिवा जगात नाही.

"कॉर्निंगच्या काचेवरून जेसीबी गेला नव्हता," मामा म्हणाले.

या एका वाक्यात त्यांची चाळीस वर्षं होती. रस्ता रुंद होतो, मोरी नव्याने बांधतात, नळयोजनेचा चर खणला जातो, आणि फायबर तुटतं. तुटलेल्या जागी नवा तुकडा घालावा लागतो, म्हणजे दोन जोड वाढतात. भाचीने हिशेबावर तीन डीबी शिलकीचे ठेवले होते. तिच्या कागदावर जोड ०.१ चा, तेव्हा तीन डीबीत पंधरा तुटणी निभावतात. मामांचा जोड भर रस्त्यात, रात्री, ट्रकच्या धुळीत, मोबाइलच्या उजेडात होतो. तो ०.४ चा झाला तर चौथ्या तुटणीला शिल्लक संपली. "म्हणून मी पॉवर मागतो बाई. मला हौस नाही."

इथे मामांचं पारडं जड आहे. तोट्याचा हिशेब मांडणारे अनेकदा लिंक सुरू झाली त्या दिवसाचा हिशेब मांडतात; दहाव्या पावसाळ्याचा मांडत नाहीत. देशातल्या ग्रामपंचायतींना फायबरने जोडायची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिचं नाव भारतनेट झालं, आणि पहिल्या टप्प्यात बहुतेक ठिकाणी तालुक्यापासून गावापर्यंत एकच सरळ वाट टाकली गेली. ती तुटली की गाव अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित आराखड्याला मंजुरी मिळाली, त्यात गावं वर्तुळाने जोडायची आहेत, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून उजेड येईल. तुटणं गृहीत धरून केलेली ही रचना आहे. मामा तेच म्हणत होते, फक्त त्यांच्या हातात पॉवरखेरीज काही नव्हतं.

बोलता बोलता त्यांनी पॅचकॉर्डचं टोक उचललं आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरलं. उजेड येतो की नाही ते पाहायची ही त्यांची पद्धत. भाचीने हात धरला.

"काहून? टीव्हीच्या रिमोटचा लाइट कॅमेऱ्यात दिसते. मग हा दिसन."

नाही दिसणार. रिमोटचा उजेड साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो. डोळ्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याच्या सिलिकॉनला दिसतो. सिलिकॉनची नजर ११०० च्या आसपास संपते. गावाकडे येणारा उजेड १४९० चा, गावातून जाणारा १३१० चा, केबल टीव्हीचा १५५० चा. तिन्ही त्या नजरेपलीकडचे. कॅमेऱ्यात अंधार दिसतो, माणूस समजतो की फायबर मेलेलं आहे, आणि मग खात्री करायला टोक डोळ्याजवळ नेतो.

"पण तूच म्हणाली, इथं दोन मायक्रोवॅट येऊन राहिले. दोन मायक्रोवॅटनं काय होते?"

"काही होत नाही," भाचीने सरळ कबूल केलं. तालुक्याच्या यंत्रातून निघतात तेही दोन-चार मिलिवॅटच. पण या केबलमध्ये चोवीस धागे आहेत आणि प्रत्येकात काय चालू आहे हे टोकावर लिहिलेलं नसतं. मामाच महिन्यातून दोनदा गोंदिया शहरात केबल टीव्हीवाल्याकडे कामाला जातात. तिथल्या अॅम्प्लिफायरच्या एकेका तोंडातून २० डीबीएम निघतात. वीस म्हणजे १०० मिलिवॅट. १५५० नॅनोमीटरच्या लेझरला सर्वांत सुरक्षित वर्गाची मर्यादा १० मिलिवॅट आहे. तिथे दहापट झाली. हा उजेड दिसत नाही म्हणून पापणी मिटत नाही. १५५० चा उजेड डोळ्याच्या पुढच्या भागातलं पाणी शोषून घेतं, तेव्हा भाजतं ते बुबुळावरचं पारदर्शक पटल. १३१० चा थोडा भाग आत पडद्यापर्यंतही जातो.

मामांनी टोक खाली ठेवलं. तांब्याच्या काळातली गोष्ट त्यांनी मग स्वतःहून सांगितली. टेलिफोनच्या तारेत ४८ व्होल्ट असत, ते हाताला जाणवत नसत. पण जोड मारताना त्या नंबरावर कुणी फोन केला की घंटीचा पाऊणशे व्होल्टचा झटका बोटांना बसे. शिवी निघे, हात मागे येई, तार जिवंत आहे हे कळे. "तांबं सांगत होतं," ते म्हणाले. "हे काच काही सांगतच नाही."

आधी मीटर, मग हात, आणि डोळा कधीच नाही, या सवयीचं कारण याहून नेमकं सांगता येणार नाही. जास्त ताकदीच्या जागी तर कनेक्टर ओढण्याआधी अॅम्प्लिफायर बंदच करायचा. १०० मिलिवॅट चालू असताना टोकावर धुळीचा एक कण राहिला तर तो तिथेच जळतो आणि काचेचं तोंड कायमचं डागळतं. फायबर तपासायच्या लाल लेझर पेनचा उजेड दिसतो म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. बाजारात हे पेन १०, २०, ३० मिलिवॅटचे मिळतात, तेही कुणाच्या तोंडावर धरायचे नाहीत.

तोटा शोधायला ओटीडीआर लागणार होतं. हे यंत्र फायबरमध्ये उजेडाची ठिणगी सोडतं आणि काचेतून परत येणारा अंधूक उजेड वेळेनुसार मोजतं. कुठल्या अंतरावर किती गेलं ते आलेखात उतरतं. चालू फायबरवर साधं ओटीडीआर लावलं तर सिग्नल बिघडतो आणि यंत्राचा डोळाही जाऊ शकतो. म्हणून भाची म्हणाली, तालुक्याचं पोर्ट अर्धा तास बंद करायला सांगू.

"म्हणजे आठही गावं बंद? सातांचा काय गुन्हा? स्प्लिटरचा आपलाच पाय काढायला सांग ना. तसंही हे गाव मेलेलंच आहे. बाकीचे चालू राहू दे."

भाचीला हे सुचलं नव्हतं. फोन झाला, तालुक्यातल्या पोराने तो एक पाय काढून त्यावर टोपी लावली, इथे मीटरने अंधार दाखवला, मगच ओटीडीआर जोडलं. आलेखात ५.३ किलोमीटरवर पायरी दिसली. १५५० नॅनोमीटरवर ८.१ डीबी, १३१० वर फक्त १.२. वाईट जोड असता तर दोन्हीकडे आकडे जवळपास असते. लांब तरंगाला जास्त आणि आखूडला कमी तोटा, याचा अर्थ धागा कुठेतरी मुडपला आहे.

"साडेपाच किलोमीटरच्या अलीकडे," भाची नकाशा काढत म्हणाली.

"नकाशा राहू दे. ते काचेचे किलोमीटर आहेत, रस्त्याचे नाहीत." प्रत्येक जोडाशी दहा-पंधरा मीटरचं वेटोळं मामांनी स्वतःच्या हाताने पुरलं होतं. ती वेटोळी वजा केली की नव्या मोरीच्या अलीकडचा जोड येतो. "मागच्या महिन्यात तिथं माती ओढली त्यायनं."

तोच जोड निघाला. जोडावरच्या पेटीचं, म्हणजे क्लोजरचं, झाकण उघडलं तेव्हा ट्रेमधला एक धागा बाहेर सरकून झाकणाच्या कडेला दबला होता, अंगठीएवढं वळण. साध्या फायबरला ३० मिलिमीटर त्रिज्येचं वळण चालतं, म्हणजे हातातल्या बांगडीएवढा गोल. अंगठीएवढ्यात उजेड काचेबाहेर निसटतो. मामांनी धागा सोडवला, बांगडीएवढा गोल करून ट्रेमध्ये बसवला, झाकण लावताना बोट आत फिरवून पाहिलं. तालुक्यात पाय परत लागला. गावात मीटर उणे २०.३ वर आलं होतं.

दिवा आता ठाम हिरवा होता आणि मामा सामान आवरायला लागले होते. भाची मात्र पेटीतल्या कनेक्टरकडे बघत होती. अडॅप्टर निळा, पॅचकॉर्ड हिरवी. हिरव्याचं तोंड आठ अंशांनी तिरपं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. खटकन बसतात, पण मध्ये पाचरीएवढी हवा राहते. "बसते ना," मामा म्हणाले. "बसतं, जुळत नाही," ती म्हणाली. मागची निळी शेपटी कापून हिरवी जोडायची ठरली. जोड मामांनी मारला: वरचं आवरण उतरवलं, स्पिरिटने पुसलं, एका दाबात काच कापली, यंत्रात दोन्ही टोकं समोरासमोर आणली. काचेची जाडी १२५ मायक्रोमीटर, त्यात उजेडाची वाट सुमारे नऊ. पडद्यावर क्षणभर पांढरी ठिणगी दिसली आणि दोन टोकांमधली रेघ नाहीशी झाली.

कापलेले तुकडे मामांनी चिकटपट्टीच्या उलट्या बाजूवर एकेक टिपले आणि औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकले. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. काचेचा असा तुकडा एकदा त्यांच्या अंगठ्यात गेला होता. दिसला नाही, निघाला नाही, महिनाभर ठणकला. म्हणून जोडाच्या चटईवर ते बिस्किटसुद्धा खात नाहीत.

मीटर उणे १३.९ वर थांबलं. कागदावरच्या उणे १३.१ पासून पाऊण डीबी दूर. दोन मायक्रोवॅटऐवजी आता चाळीस येत होते आणि तालुक्याच्या मॉड्यूलला कुणी हात लावला नव्हता.

भाचीने वहीत तारीख, तरंगाची लांबी, आकडा लिहिला. खाली शिलकीच्या रकान्यात तीन लिहायला गेली.

"पाच लिही," मामा म्हणाले. "तेरा आले आहेत आज, म्हणून तीन पुरतात असं वाटते. पाच पावसाळे येऊ दे."

तिने पाच लिहिले. वहीची प्रत ग्रामपंचायतीच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवायची, म्हणजे पुढे जो येईल त्याला आजचा आकडा दिसेल, हेही मामांनीच सुचवलं. आत तोवर पहिला दाखला छापून निघत होता, आणि दोन किलोमीटरवरच्या त्या जवळच्या गावात उणे ९.३ खरंच येतात का, ते जाताना पाहून जाऊ, यावर दोघांचं एकमत झालं होतं.